करार मोडण्याची किंमत

२९ जून २०१५ रोजी लॉस एंजेलिस किंग्ज या आइस हॉकी क्लबने एक अगदी त्रोटक निवेदन काढले. माइक रिचर्ड्स या खेळाडूने करारातील अटींचा गंभीर भंग केला आहे, म्हणून त्याचा करार आम्ही संपुष्टात आणत आहोत, एवढाच त्याचा आशय. भंग कोणता, कधी, कुठे, यातले काही सांगितलेले नव्हते. रिचर्ड्स तेव्हा तीस वर्षांचा होता. २००७ च्या डिसेंबरात फिलाडेल्फिया फ्लायर्सने त्याच्याशी बारा वर्षांचा, ६ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला होता. २०११ मध्ये तो करार खेळाडूसकट लॉस एंजेलिसला आला. किंग्जने २०१२ आणि २०१४ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला, तेव्हा रिचर्ड्स संघात होता. कराराची पाच वर्षे उरली होती आणि त्यांचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलर येणे होते. निवेदन निघाले आणि हे येणे शून्यावर आले.

मग बातम्या झिरपू लागल्या. १७ जूनला मॅनिटोबा प्रांतातल्या इमर्सन नाक्यावर, कॅनडाच्या हद्दीत शिरताना, रिचर्ड्सला अडवण्यात आले होते आणि प्रकरण ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळ्यांचे होते. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे क्लबने करार फाडला त्या दिवशी दोष सिद्ध होणे लांबच, आरोपपत्रही नव्हते. अडवल्यापासून करार रद्द होईपर्यंत गेले ते बारा दिवस.

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळाडूंचे करार ‘पक्के’ असतात असे सर्रास म्हटले जाते. खेळाडू जखमी झाला, त्याचा सूर हरपला, प्रशिक्षकाच्या मनातून उतरला, तरी ठरलेले पैसे त्याला मिळतात. शेजारच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये असे नाही. तिथे क्लब बहुतेकांना हंगामाच्या मध्यावरही घरी पाठवू शकतो. हॉकीतला हा पक्केपणा आला कुठून आणि तो कितपत पक्का आहे, याचा रिचर्ड्स प्रकरण हा उत्तम धडा आहे. पण त्याआधी हिशेब समजून घ्यावा लागतो, कारण या गोष्टीतली नीती बरीचशी हिशेबाच्या वहीत दडलेली आहे.

एनएचएलमधला प्रत्येक खेळाडू एकाच छापील नमुन्यावर सही करतो. रक्कम आणि मुदत वेगवेगळी, बाकी मजकूर सगळ्यांना सारखा. आणि तो मजकूर लीग व खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक कराराचा भाग असल्यामुळे एकट्या क्लबला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. या नमुन्यातली दोन कलमे आपल्या कामाची. तेरावे कलम ‘बायआउट’चे. क्लबला खेळाडू नकोसा झाला, तर उरलेल्या पगाराचा ठरावीक हिस्सा देऊन त्याला मोकळे करता येते. खेळाडू सव्वीस वर्षांच्या आतला असेल तर एक तृतीयांश, सव्वीस किंवा पुढचा असेल तर दोन तृतीयांश. ही रक्कम उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षांत फेडायची. जखमी खेळाडूला असे काढता येत नाही. करारात ‘साइनिंग बोनस’ म्हणून लिहिलेली रक्कमही बायआउटने कमी होत नाही. नामांकित खेळाडूंचे एजंट पगार कमी आणि बोनस जास्त असा आग्रह का धरतात, त्याचे मोठे कारण हेच.

चौदावे कलम वेगळ्या जातीचे आहे. खेळाडूने क्लबच्या शिस्तीचे नियम मोडले, खेळायला नकार दिला किंवा अन्य कोणत्याही प्रकारे कराराचा गंभीर भंग केला, तर क्लब करार संपवू शकतो. इथे दोन तृतीयांश नाही, एक तृतीयांश नाही. दमडीही नाही. पद्धत अशी की खेळाडूचे नाव आधी विनाअट ‘वेव्हर्स’वर टाकायचे, म्हणजे इतर क्लबांपुढे ठेवायचे. चोवीस तासांत कुणी त्याला आहे त्या करारासह उचलले नाही, तर करार संपला. साहजिकच कुणी उचलत नाही; जो करार एकाला जड झाला तो दुसरा कशाला डोक्यावर घेईल?

आता ‘गंभीर’ म्हणजे किती गंभीर? नमुन्यात त्याची फूटपट्टी नाही. सरावाला उशिरा आलात तर नक्कीच नाही आणि न सांगता देश सोडून गेलात तर बहुधा हो. मधला सगळा प्रदेश मोकळा आहे आणि त्यात पहिले पाऊल क्लबचे असते. खेळाडू एकटा असता तर त्याने वकील गाठावा, दिवाणी दावा लावावा, वर्षे मोजावीत. इथे संघटनेची गरज लागते. करार रद्द झाला की खेळाडू संघटना तक्रार दाखल करते, ती तटस्थ लवादापुढे जाते आणि क्लबला आपले म्हणणे तिथे शाबीत करावे लागते. पक्का करार पक्का ठरतो तो या एका वाटेमुळे. माझे मत असे की चौदाव्या कलमाची खरी ताकद लवादाच्या निकालापेक्षा त्याच्या धाकात आहे, आणि हा धाक दोन्ही बाजूंना असतो.

ही वाट खेळाडूंना फुकट मिळालेली नाही. १९५० च्या दशकात एनएचएलमध्ये सहाच क्लब होते आणि खेळाडू क्लबच्या मालकीचा असल्यासारखाच होता. ज्या क्लबने कोवळ्या वयात सही घेतली, त्याच्याकडे त्याचा हक्क कायम. क्लबने विकेपर्यंत किंवा सोडेपर्यंत दुसरीकडे खेळायची सोय नाही. कुणाला किती पगार आहे हे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यालाही माहीत नसे. निवृत्तिवेतनासाठी दर हंगामाला ९०० डॉलर कापले जात, पण त्या निधीचे हिशेब मागितले की दार बंद.

डेट्रॉइट रेड विंग्जचा टेड लिंडसे हा त्या काळातला बिनीचा खेळाडू. अंगाने लहान आणि खेळात इतका आडदांड की प्रतिस्पर्धी त्याला मनापासून शिव्या देत. मॉन्ट्रियलचा डग हार्वे हा तर त्याचा मैदानातला वैरीच. या दोघांनी मिळून इतर क्लबांतल्या खेळाडूंना चाचपले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये संघटना जाहीर केली. जवळजवळ प्रत्येक खेळाडूने शंभर डॉलर वर्गणी भरली होती. मालकांचा संताप झाला. त्या हंगामात लिंडसेने ३० गोल आणि ५५ गोलसाहाय्ये नोंदवली होती, कारकिर्दीतली त्याची सर्वोत्तम कामगिरी. तरी जुलैत डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर जॅक अॅडम्स यांनी त्याला तळाच्या शिकागोला देऊन टाकले. डेट्रॉइटची मालकी ब्रूस नॉरिसकडे होती आणि शिकागोची सूत्रे त्याच्या सावत्र भावाकडे, जेम्स नॉरिसकडे. घरातल्या घरात पाठवणी. टोरोंटोचा प्रतिनिधी जिम थॉमसन यालाही त्याच शिकागोत धाडण्यात आले. संघटनेत पुढाकार घेणाऱ्यांसाठी शिकागो हे जणू काळे पाणीच ठरले. नोव्हेंबरात डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी अंग काढून घेतले आणि १९५८ च्या सुरुवातीला किमान वेतन व निवृत्तिवेतनात थोडी वाढ एवढ्यावर कोर्टाबाहेर तडजोड झाली. संघटना मेली.

करार रद्द करण्याची गरजच त्या काळात मालकांना पडत नव्हती, हे इथे लक्षात घ्यावे. करार वर्षाचा, पुढचे वर्ष मालकाच्या मर्जीचे. ज्याला काढायचे त्याला विकायचे किंवा खालच्या लीगमध्ये गाडायचे. करार लांब आणि पक्के झाले तेव्हाच ते मोडण्याचे कलम महत्त्वाचे ठरले. आज एनएचएलमधले खेळाडू मतदान करून ज्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरवतात, त्याला मिळणारा पुरस्कार २०१० पासून लिंडसेच्या नावाचा आहे. हाच लिंडसे १९६६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवडला गेला तेव्हा सोहळ्याला गेला नव्हता. बायकामुलांना प्रवेश नाही, असे कळले होते म्हणे. माणूस शेवटपर्यंत तसाच.

दुसरी संघटना १९६७ मध्ये उभी राहिली आणि टिकली. पण तिचा इतिहास सांगताना गळा काढण्यात अर्थ नाही. तिचा संस्थापक-संचालक, टोरोंटोचा वकील अॅलन ईगलसन, हा एकाच वेळी संघटनेचा प्रमुख होता, अनेक खेळाडूंचा एजंट होता आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा आयोजकही होता. बॉबी ऑरसारखा अलौकिक खेळाडू त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत असे. बॉस्टन क्लबने ऑरला क्लबच्या मालकीत हिस्सा देऊ केला होता आणि ईगलसनने ते त्याला नीट कळू दिले नाही, हे बाहेर आले तेव्हा ऑर शिकागोला जाऊन, गुडघे निकामी होऊन निवृत्त झालेला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहराच्या एका छोट्या दैनिकाचा वार्ताहर रस कॉनवे वर्षानुवर्षे मागे लागला, कार्ल ब्रूअरसारखे माजी खेळाडू निवृत्तिवेतनाचा खटला लढून जिंकले आणि १९९८ मध्ये ईगलसनने अमेरिका व कॅनडा दोन्हीकडे फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. तो तुरुंगात गेला. मालकांशी गोडीगुलाबीने वागणारा संघटनाप्रमुख खेळाडूंना किती महाग पडतो, हे त्या पिढीला कळले. पुढच्या प्रमुखाने, बॉब गुडनाऊने, सूत्रे हाती घेताच १९९२ च्या एप्रिलमध्ये दहा दिवसांचा संप घडवून आणला.

त्यानंतर पाळी मालकांची. १९९४, २००४ आणि २०१२ अशा तीनदा त्यांनी टाळेबंदी केली. यातली २००४ ची टाळेबंदी सर्वांत भयंकर. १६ फेब्रुवारी २००५ रोजी पूर्ण हंगामच रद्द झाला. कामगार-मालक वादापायी अख्खा हंगाम गमावणारी ही उत्तर अमेरिकेतली पहिली मोठी लीग. मालकांना हवी होती ‘सॅलरी कॅप’, म्हणजे प्रत्येक क्लबने खेळाडूंच्या पगारावर करायच्या खर्चाला वरून टोपी. संघटना हरली. चालू करारांतले पगार २४ टक्क्यांनी कापले गेले आणि २००५-०६ साठी कमाल मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख डॉलर. २०२५-२६ मध्ये ती ९ कोटी ५५ लाखांवर पोहोचली.

ही टोपी आल्यावर पैशाचा अर्थच बदलला. श्रीमंत क्लबला आता डॉलरची चणचण नसते, टोपीखालच्या जागेची असते. नावडता खेळाडू नुसता पगार खात नाही, तो जागा अडवतो. बायआउट केला तरी त्याचा बोजा वर्षानुवर्षे हिशेबात राहतो. मिनेसोटा वाइल्डने २०१२ मध्ये झॅक परिसे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी तेरा वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार दिले. २०२१ मध्ये दोघांचाही बायआउट केला. त्यानंतर काही हंगामांत दर वेळी टोपीखालची सुमारे १ कोटी ४७ लाखांची जागा, संघात नसलेल्या या दोघांसाठी रिकामी ठेवायची वेळ क्लबवर आली. न्यूयॉर्क आयलँडर्सचा गोलरक्षक रिक डिपिएट्रो याचे उदाहरण तर दंतकथेत जमा झाले आहे. पंधरा वर्षांचा करार, दुखापतींमागून दुखापती, २०१३ मध्ये बायआउट. त्या काळच्या खास सवलतीमुळे टोपीवर बोजा आला नाही, पण क्लब त्याला २०२९ पर्यंत दर वर्षी १५ लाख डॉलर देणे लागतो. सोळा वर्षे, घरबसल्या.

चौदाव्या कलमाने करार संपवला की मात्र पाटी कोरी. म्हणजे ज्या टोपीसाठी खेळाडूंनी हंगाम गमावला आणि लढाई हरली, त्याच टोपीने क्लबांना हे कलम उचकून पाहण्याचा मोह दिला. शिस्तीचे कलम हळूहळू हिशेबाचे हत्यार झाले.

रिचर्ड्सकडे वळू. २०१४ च्या उन्हाळ्यात किंग्जला त्याचा खास सवलतीतला बायआउट करता आला असता, टोपीवर बोजा न येता. जनरल मॅनेजर डीन लोम्बार्डी यांनी केला नाही. हा गडी सावरेल असा त्यांचा विश्वास होता. तो सावरला नाही. जानेवारी २०१५ मध्ये त्याला खालच्या लीगमधल्या मँचेस्टरला पाठवावे लागले. २०१५-१६ ची कमाल मर्यादा होती ७ कोटी १४ लाख आणि रिचर्ड्स त्यातले ५७ लाख ५० हजार अडवणार होता, म्हणजे सुमारे आठ टक्के. साध्या बायआउटला २ कोटी २० लाखांचे दोन तृतीयांश, साधारण १ कोटी ४७ लाख डॉलर दहा वर्षांत द्यावे लागले असते आणि त्याची खिडकी ३० जूनला बंद होत होती. इमर्सन नाक्यावरची बातमी नेमकी या गणितात येऊन पडली. निवेदन निघाले २९ जूनला.

आता त्याच क्लबचे, त्याच वर्षातले दुसरे प्रकरण शेजारी ठेवून पाहा. बचावपटू स्लावा वॉयनोव्ह याला ऑक्टोबर २०१४ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपावरून अटक झाली. लीगने त्याला पगारी निलंबित केले. निलंबित खेळाडूला संघाच्या सरावात उतरवले म्हणून डिसेंबरात किंग्जला एक लाख डॉलर दंडही झाला. जुलै २०१५ मध्ये त्याने कोर्टात सौम्य कलमाखालील आरोपाला आव्हान न देण्याची भूमिका घेतली, शिक्षा भोगली आणि सप्टेंबरात आपणहून रशियाला निघून गेला. एवढ्या काळात त्याचा करार कायम होता. गोळ्यांसाठी बारा दिवस, मारहाणीसाठी जवळपास अकरा महिने. क्लबच्या बाजूने सांगता येईल की वॉयनोव्हचा विषय लीगने हातात घेतला होता आणि कोर्टात खटला चालू होता. सांगावे. पण वॉयनोव्ह चोविशीतला, भरात आलेला, पगाराच्या मानाने स्वस्त खेळाडू होता आणि रिचर्ड्स महागडा व उताराला लागलेला, हे माझ्या मनातून जात नाही. भंगाचे गांभीर्य मोजताना काट्याच्या दुसऱ्या पारड्यात काय ठेवले होते, हा प्रश्न उरतोच.

संघटनेने रिचर्ड्सची तक्रार नेली. तिच्या हातात एक भक्कम मुद्दा होता. व्यसन आणि औषधांच्या गैरवापरासाठी लीग आणि संघटना यांचा १९९६ पासून संयुक्त उपचार कार्यक्रम आहे. मदत मागणारा खेळाडू त्यात जातो, उपचार घेतो, परत येतो. गोळ्यांच्या प्रकरणावरून थेट करार फाडता आला तर या कार्यक्रमाला अर्थच राहत नाही. कोण कशाला तोंड उघडून मदत मागेल? प्रकरण लवादापुढे गेले असते तर त्याचा निकाल पुढच्या प्रत्येक प्रकरणाला बांधणारा ठरला असता. हरण्याची भीती दोघांना होती. ऑक्टोबरमध्ये समझोता झाला. बातम्यांत आलेला आकडा सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरचा, तोही २०३१-३२ च्या हंगामापर्यंत तुकड्यातुकड्याने. त्याशिवाय क्लबच्या टोपीवर पाच वर्षे दर वर्षी १३ लाख २० हजारांचा बोजा.

जिंकले कोण? क्लबला शून्य द्यायचे होते, दिले त्याहून बरेच जास्त. खेळाडूला २ कोटी २० लाख यायचे होते, आले निम्म्याहून कमी. आणि साध्या बायआउटपेक्षा क्लबचे चाळीस लाखांच्या वर वाचले. हा निकाल नव्हे, सौदा. आणि सौद्यातून ‘गंभीर भंग’ कशाला म्हणायचे याचे उत्तर मिळत नाही. जानेवारी २०१६ मध्ये वॉशिंग्टनने रिचर्ड्सला घेतले. त्या हंगामानंतर तो एनएचएलमध्ये खेळला नाही.

इव्हॅंडर केनचे प्रकरण याच वाटेने गेले, पण शेवट वेगळा. सॅन होजे शार्क्सने २०१८ मध्ये त्याला सात वर्षांचे ४ कोटी ९० लाख दिले होते. २०२१ च्या ऑक्टोबरात लसीकरणाचे बनावट प्रमाणपत्र दिल्याबद्दल लीगने त्याला २१ सामन्यांसाठी निलंबित केले. नंतर क्लबने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवले, तिथल्या कोविडच्या नियमांचा भंग केला असे सांगत जानेवारी २०२२ मध्ये करार रद्द केला. संघटनेने तक्रार केली. पण करार रद्द होण्याचा एक उपपरिणाम असतो, खेळाडू मोकळा होतो. महिना संपायच्या आत एडमंटनने केनला घेतले. उरलेल्या ४३ सामन्यांत त्याने २२ गोल केले, बाद फेरीत आणखी १३, आणि जुलैत नवा चार वर्षांचा करार मिळवला. नुकसानभरपाई ही गेलेल्या पैशातून कमावलेला पैसा वजा करून मोजतात. केनने कमावले चिक्कार, म्हणून भांडायला उरले थोडे. सप्टेंबरात प्रकरण मिटले ते बातम्यांनुसार सुमारे २५ लाख डॉलरवर. चांगला खेळल्यामुळे भरपाई घटली, असा हा अजब न्याय आहे.

काही वेळा संघटना तयार असते आणि खेळाडूलाच लढायचे नसते. शिकागोने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोरी पेरीचा ४० लाखांचा एक वर्षाचा करार रद्द केला. कारण कामाच्या ठिकाणचे अनुचित वर्तन, तपशील गुलदस्त्यात. पेरीने जाहीर माफी मागितली, दारूच्या सवयीवर उपचार घेत असल्याचे सांगितले, तक्रार केली नाही आणि जानेवारीत एडमंटनकडून खेळू लागला. पॅट्रिक बेर्गलुंड या स्वीडिश खेळाडूची गोष्ट याहून चटका लावणारी. सेंट लुईसने २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला बफेलोला दिले. डिसेंबरात तो संघाकडे यायचा बंद झाला, क्लबने करार संपवला आणि सुमारे सव्वा कोटी डॉलर त्याने हसत सोडून दिले. मन खचले होते, खेळाचा आनंद उरला नव्हता, असे त्याने मायदेशी गेल्यावर मुलाखतीत सांगितले. त्याच व्यवहारात बदल्यात सेंट लुईसला मिळालेला रायन ओरायली पुढच्याच जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या बाद फेरीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. बेर्गलुंडच्या बाबतीत चौदावे कलम कुणाविरुद्धचे हत्यार नव्हते, बाहेर पडायचे दार होते.

संघटनेचे गुणगान इथेच थांबवावे लागते. २०१० मध्ये शिकागोच्या व्हिडिओ प्रशिक्षकाने काइल बीच या तरुण खेळाडूचे लैंगिक शोषण केले. क्लबच्या वरिष्ठांना कळले, तरी स्टॅन्ली कप जिंकेपर्यंत त्यांनी ते झाकून ठेवले. संघटनेच्या कानावरही ही गोष्ट गेली होती आणि तिने काही केले नाही. २०२१ मध्ये हे बाहेर आले तेव्हा क्लबला २० लाख डॉलर दंड झाला. संघटनेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीत मात्र दोष निरोपांच्या गोंधळावर गेला, माणसांवर नाही. पैशाच्या तक्रारीत डोळ्यांत तेल घालून बसणारी यंत्रणा माणसाच्या तक्रारीत आंधळी ठरली. करार सांभाळण्यासाठी घडवलेल्या संघटनेला कराराबाहेरचे दुखणे ऐकू येत नाही, हा तिचा जुना दोष आहे.

२०२५ मध्ये झालेल्या नव्या सामूहिक करारात, जो २०२६-२७ च्या हंगामापासूनचा आहे, कराराची कमाल मुदत एकेका वर्षाने आखडली आहे: स्वतःच्या खेळाडूसाठी सात वर्षे, बाहेरून घेतलेल्यासाठी सहा. मुदत छोटी म्हणजे मोडताना उरलेला आकडा छोटा, म्हणजे मोह कमी. खेळाडूंनी लांबचा पैसा सोडला, असेही म्हणता येईल.

आपल्याकडची मैदानी हॉकी गवतावरून कृत्रिम मैदानावर गेली तरी संघटना, सामूहिक करार आणि लवाद इथवर कधी आलीच नाही. जानेवारी २०१० मध्ये दिल्लीतल्या विश्वचषकाच्या तोंडावर भारतीय पुरुष संघाचे शिबिर पुण्यात बालेवाडीला चालू होते. थकलेल्या मानधनासाठी कर्णधार राजपाल सिंगसकट खेळाडूंनी सरावाला नकार दिला. देशभर गाजावाजा झाला, लोकांनी वर्गणीची भाषा केली, काही दिवसांत एक कोटी रुपयांचे आश्वासन मिळाले आणि मंडळी मैदानात उतरली. त्यांच्यामागे संघटना नव्हती. विश्वचषक तोंडावर होता, एवढेच बळ. दोन वर्षांनी आलेल्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स असे दोन आपले संघ होते. स्पर्धेचा दुसरा हंगाम झालाच नाही आणि पैसे थकल्याच्या तक्रारी खेळाडू वर्तमानपत्रांतून करत राहिले. लवादाकडे न्यायला सामूहिक करार नव्हता, वर्तमानपत्र होते.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाची कहाणी उत्तर अमेरिकेतल्या महिला हॉकीची आहे. तिथे २०२३ पर्यंत प्रीमियर हॉकी फेडरेशन नावाची लीग चालत होती. त्याच वर्षी जानेवारीत टोरोंटोच्या डॅरिल वॉट्सने पुढच्या हंगामासाठी दीड लाख डॉलरचा विक्रमी करार केला होता. दुसरीकडे अमेरिका आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संघांतल्या बहुतेक नावाजलेल्या खेळाडू या लीगवर बहिष्कार टाकून वेगळ्या बसल्या होत्या. त्यांनी आधी संघटना उभारली आणि लीग मागाहून यावी म्हणून थांबल्या. जूनच्या अखेरीस उद्योगपती मार्क वॉल्टर आणि माजी टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या गटाने जुनी लीग विकत घेतली आणि बंद केली. काही दिवसांतच नव्या लीगचा सामूहिक करार मंजूर झाला: २०३१ पर्यंतचा, किमान पगार ३५ हजार डॉलर, प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त. तेव्हा संघांची शहरेही जाहीर झाली नव्हती. सप्टेंबरात सहा संघांनी नव्वद खेळाडू निवडल्या आणि १ जानेवारी २०२४ रोजी टोरोंटोत पहिला सामना झाला.

जुन्या लीगमधल्या खेळाडूंचे करार, वॉट्सच्या दीड लाखांसकट, त्या जूनमध्ये एका फटक्यात रद्द झाले होते. त्यातल्या काही जणी नव्या संघांत आल्या, वॉट्सही आली. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी कुठलाही नियम मोडला नव्हता, कुठल्या नाक्यावर त्यांना कुणी अडवले नव्हते. त्यांचीही एक संघटना होती, पण तिच्या हातात सामूहिक करार नव्हता. आणि असता तरी तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची, तो मालकच उरला नव्हता.